येरवड्यातला गुरुवारचा तास

एकतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर एका मैत्रिणीनं सांगितलं, कारागृहात काही जण मुक्त विद्यापीठाचं बी.ए. करतायत, त्यांना राज्यशास्त्राला कुणी नाही. मी लगेच हो म्हणाले. आत पाऊल पडायला मात्र सव्वादोन महिने लागले.

मैत्रिणीच्या संस्थेचं शिफारसपत्र, माझा अर्ज, ओळखपत्रं, फोटो आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी एवढं लागलं. मधे एका कार्यालयात माझे कागद सापडेनासे झाले आणि सगळं पुन्हा द्यावं लागलं. ज्यांना हे काम करायचंय त्यांना माझं सांगणं: झेरॉक्सचे तीन संच ठेवा, आणि प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या.

मी कोथरूडला राहते. वनाझहून मेट्रोनं येरवडा, पुढे रिक्षा. गेटवर मोबाइल, पर्स, घड्याळ सगळं जमा करायचं, वहीत सही, मग महिला शिपायाकडून झडती. पहिल्या दिवशी माझी स्पायरलची वही तारेमुळे बाहेरच राहिली. तेव्हापासून मी दोऱ्यानं शिवलेली वही नेते.

वर्गात अकरा जण होते. सर्वांत लहान तेवीस वर्षांचा, सर्वांत मोठे अठ्ठावन्नचे. आत 'कैदी' म्हणत नाहीत, 'बंदी' म्हणतात. तिथल्या शिक्षकांना सगळे 'गुरुजी' म्हणतात. गुन्हा विचारायचा नाही हे गुरुजींनी आधीच बजावलं होतं, आणि मी आजवर विचारलेला नाही. सगळ्यांना मी 'तुम्ही' म्हणते. तेवीस वर्षांचा तो मुलगा पहिल्यांदा ऐकून मागे वळून बघायला लागला, मी आणखी कुणाशी बोलतेय असं वाटून.

पुस्तकं मराठीत आहेत, नेमकी आहेत, एकट्यानं वाचून समजतील अशीच लिहिलेली. त्यामुळे समजावण्यात माझा फार वेळ जाणार नाही असं मला वाटलं होतं, आणि तसंच झालं. अडलं ते लिहिण्यापाशी. पहिला गृहपाठ तपासायला घेतला. प्रश्न होता संघराज्याच्या वैशिष्ट्यांचा. एकाचं उत्तर असं सुरू होत होतं: 'वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, भारत हे संघराज्य आहे.' दुसऱ्यानं शेवटी लिहिलं होतं, 'तरी कृपया विचार व्हावा.' अकरापैकी सात उत्तरांत हा सूर होता. पॅरोलचा अर्ज, फर्लोचा म्हणजे शिक्षेतल्या रजेचा अर्ज, औषधासाठी अर्ज, मुलाखतीसाठी म्हणजे घरच्यांच्या भेटीसाठी अर्ज. ही माणसं वर्षानुवर्षं अर्जच लिहीत आली होती. कागद म्हणजे कुणाकडे तरी काही मागायची जागा. त्यावर आपलं म्हणणं मांडता येतं, हे त्यांच्या हातातून गेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि तीन गुरुवार एकच काम दिलं: 'माझ्या मते' या दोन शब्दांनी सुरुवात करा, पुढे 'कारण' आलंच पाहिजे. विषय दिला मतदानाचा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम ६२(५): तुरुंगात असलेल्याला मत देता येत नाही, मग तो शिक्षा झालेला असो वा खटला चालू असलेला. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे खटल्याशिवाय खबरदारी म्हणून आत ठेवलेल्यांचा. पण २०१३च्या दुरुस्तीनंतर, ज्याचा खटला अजून चालूच आहे असा माणूस आतून निवडणूक लढवू शकतो. वर्ग एकदम जागा झाला. 'मॅडम, म्हणजे मला लोकांनी मत दिलेलं चालतं, मी दिलेलं चालत नाही?' एक जण कायद्याच्या बाजूनं बोलला: ज्यानं दुसऱ्याचा हक्क मोडला त्यानं स्वतःचा थोडा सोडावा. त्याला तिघांनी उत्तर दिलं, तेही 'कारण' सांगून. गुरुजी दारात उभे राहून ऐकत होते.

माझ्या हातून एक चूक झाली. पाचव्या महिन्यात एकानं वहीत घडी घातलेली चिठ्ठी दिली. आईचा फोन नंबर होता. 'पास झालो एवढंच कळवा.' मी चिठ्ठी घेतली. गेटपर्यंत गेले आणि पाय थांबले. परत येऊन ती गुरुजींना दिली, आणि निरोप रीतसर जाईल का ते विचारलं. त्यांनी ती व्यवस्था केली. पण पुढचे दोन गुरुवार तो माझ्याकडे बघत नव्हता. चिठ्ठी घ्यायलाच नको होती. त्याच्या देखत नाही म्हणायचं धैर्य मी दाखवायला हवं होतं.

अकराचे सहा झाले. दोघांना जामीन मिळाला, दोघांची दुसऱ्या कारागृहात बदली झाली, एकानं सोडून दिलं. तारीख असली की माणूस कोर्टात, तास बुडाला. त्यामुळे प्रत्येक तास स्वतंत्र ठेवायचा, मागच्यावर फार टेकायचं नाही, हे मी शिकले.

शेवटचा धडा पुणे कराराचा होता. २४ सप्टेंबर १९३२, याच कारागृहात, गांधीजींचं उपोषण चालू असताना. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात दलितांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा होत्या, करारात त्या १४८ झाल्या, पण फक्त दलितांनी मत द्यायचे ते स्वतंत्र मतदारसंघ गेले. अठ्ठावन्न वर्षांचे ते गृहस्थ, जे वर्षभरात फार बोलले नव्हते, म्हणाले, 'जागा वाढल्या हे बरोबर. पण बाबासाहेबांनी सही केली तेव्हा एक माणूस उपाशी मरायला टेकला होता. अशी सही आपखुशीची म्हणायची का?' मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, हेच लिहा.

परीक्षेच्या वेळी मला आत जाता येत नाही. गुरुजींनी नंतर सांगितलं, पुणे कराराचा प्रश्न आला होता. त्या गृहस्थांनी दोन पुरवण्या मागितल्या. त्यांत काय लिहिलं ते मला वाचायला मिळणार नाही.