दुपारचं कुलूप

उद्यान सुधारणेच्या फायलीत पहिला कागद बहुतेक वेळा मागण्यांचा असतो. या फायलीतला कागद दोन पानी होता. संगीत कारंजं, सेल्फी पॉइंट, लाल बदाम आणि त्यापुढे वस्तीचं नाव असलेली दिव्यांची पाटी, ओपन जिमचा आणखी एक सेट, जॉगिंग ट्रॅकवर रबर, भिंतीवर चित्रं. आणि सगळ्यात खाली पेनाने लिहिलेलं : ‘बाहेरच्या लोकांचा बंदोबस्त’. हे दरसूचीत, म्हणजे सरकारी कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत, कुठे बसतं, असं मी गमतीने कनिष्ठ अभियंत्याला विचारलं. त्याने मान वर न करता सांगितलं, “ते एस्टिमेटमध्ये येत नाही मॅडम. ते वॉचमनच्या एजन्सीकडे.”

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. महापालिकांच्या बागांची कामं बरीच केली आहेत. हे काम अजून चालू आहे, म्हणून शहराचं आणि बागेचं नाव लिहीत नाही. एवढं सांगते की शहराच्या ज्या अंगाला ही बाग आहे, तिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी ऊस होता. आता वीस-बावीस मजली टॉवर आहेत, आणि एका मोठ्या लेआउटमधून महापालिकेकडे आलेल्या अ‍ॅमेनिटी स्पेसवर, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी सोडलेल्या जागेवर, एकरभराची ही बाग आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. एकर म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या आसपास. त्या हिशेबाने ही बाग फार तर ४०० माणसांना पुरते. समोरच्या एका सोसायटीतच त्याहून जास्त माणसं राहतात. तेव्हा इथे भांडण होणार, हे नकाशा उघडण्याआधीच ठरलेलं असतं.

एस्टिमेटला हात लावण्यापूर्वी मी एक दिवस बागेत जाऊन बसते. फार शास्त्र नाही त्यात. एका कागदावर तासांचे रकाने पाडायचे आणि कोण आलं, कुठे बसलं, कुठून फिरलं याच्या रेघा ओढायच्या. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९६० च्या दशकापासून कोपनहेगनमध्ये अशीच माणसं मोजून मोजून तिथल्या रस्त्यांचा विचार बदलायला लावला. आपल्याकडे कन्सल्टंटच्या फीमध्ये हा दिवस धरलेला नसतो, त्यामुळे तो पदरमोड करून काढावा लागतो. यावेळी मी मुद्दाम मे महिना आणि कामाचा वार निवडला. त्याच दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये नागरिकांची बैठकही ठेवली होती.

सकाळी सहाला गेट उघडलं तेव्हा बाहेर आठ-दहा जण थांबलेलेच होते. सकाळची बाग कशी असते ते कुणाला सांगायला नको. निवृत्त मंडळी, मधुमेही, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या काकू, सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. एखादा उलटा फिरणारा आणि त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा. हास्यक्लब. ओपन जिमवर साडीवर बूट घातलेल्या दोघी, अगदी मन लावून. माझ्या कागदावर या दोन-तीन तासांत इतक्या रेघा झाल्या की पुढच्या रकान्यांना जागा उरेना. मागण्यांचा कागद कुणी लिहिला होता तेही इथेच कळलं, कारण त्यातले निम्मे लोक स्वतः येऊन भेटले आणि कारंजाची जागा दाखवून गेले.

झाडांबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. गुलमोहर आणि करंज चांगले वाढले होते, पण त्यांच्या खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवलेले. एका गुलमोहराने ब्लॉक वर ढकलले होते आणि तिथे ठेच लागते अशी तक्रार होती. तक्रारीत दोष झाडाला दिला होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती मीटरभर जागा काँक्रीटमुक्त ठेवा असा आदेश दिला होता. तेव्हापासून मी प्रत्येक बागेत ‘पेव्हर काढणे’ असा आयटम घालते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतं की चांगले बसवलेले ब्लॉक काढायचे कशाला.

साडेदहाला शिट्टी वाजली. वॉचमन काकांनी एकेकाला बाहेर काढलं आणि गेटला साखळी घातली. आता चारपर्यंत बंद. पत्र दाखवून मी आत राहिले. काकांनी कारणं सांगितली : माळ्याला पाणी द्यायचं असतं, झाडलोट असते, शिवाय त्यांचं स्वतःचं जेवण. “आणि उघडं ठेवलं तर जोडपी येतात ना मॅडम. मग फोन येतात.” फोन कुणाचे ते त्यांनी मान वळवून टॉवरकडे बघत सांगितलं.

बारानंतर मी रिकामे रकाने घेऊन करंजाच्या सावलीत बसले होते. बाग माझी एकटीची. लॉनवर पाइप सोडून माळी कधीच जेवायला गेला होता. आणि भिंतीच्या पलीकडून बोलणं ऐकू यायला लागलं. बायकांचं, बरंच. ताटलीचा आवाज, हसणं.

करंजाच्या निम्म्या फांद्या भिंतीवरून बाहेर गेल्या होत्या. त्या भागात सावली तेवढ्याच फूटपाथवर पडत होती. काकांना साखळी काढायला लावून मी वळसा घालून गेले. फूटपाथच्या कडेला, पाय रस्त्यात सोडून, दहा-बारा बायका डबे उघडून बसल्या होत्या. पलीकडे मोटारसायकली आडव्या लावून दोन डिलिव्हरीची मुलं सीटवर आडवी झाली होती. पाण्याचा टँकर गेला तेव्हा सगळ्यांनी पाय वर घेतले, बोलणं न थांबवता, म्हणजे सवयीचं होतं.

मी बाग दुरुस्तीचं काम करते असं सांगितल्यावर एकीने सरकून जागा दिली. “बसा मॅडम. चटणी-भाकरी हाय, चालंल का?” ठेचा होता खरं तर, आणि झणझणीत.

त्या सगळ्या टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या. सकाळी सातपासून बारापर्यंत चार-पाच घरांची झाडू-फरशी, धुणं-भांडी. मग तीनला पुन्हा दुपारची भांडी आणि संध्याकाळच्या पोळ्या. मधले अडीच-तीन तास कुठे काढायचे? घर महामार्गाच्या पलीकडे, शेअर रिक्षाने जाऊन येऊन दिवसाच्या कमाईला भोक पडतं. सोसायटीत थांबावं तर सिक्युरिटी विचारते, काम झालं ना, मग खाली का बसलात?

“आधी तिकडं रिकाम्या प्लॉटवर झाड व्हतं, तिथं बसायचो. तिथं बिल्डिंग आली.”

“बागेत नाही जात?”

“बाग बंद आसती की दुपारची. आन उघडी आसती तवा आमी कामावर.”

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, बसच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं. मी कागद काढून संडासाचं विचारलं, कारण बागेत एक स्वच्छतागृह आहे आणि आमच्या यादीत त्याच्या टाइल्स बदलायच्या होत्या. सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग एक वयस्कर बाई म्हणाल्या, “आमी पाणीच पीत न्हाई जास्त. घरी गेल्यावर पितो.” घरी म्हणजे संध्याकाळी सातला. मे महिन्यात.

शेजारची तरुण मुलगी म्हणाली, “मला डॉक्टरनं सांगितलंय पाणी प्या म्हणून. लघवीला जळजळतं.” आणि डब्याचं झाकण लावलं.

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीच्या आत सावली होती, बाकं होती, नळ होता, संडास होता, आणि माणूस एकही नव्हतं. उन्हाचा विचार करणारी शहरं याच वेळेचा विचार करतात. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत १,३०० च्या वर जादा मृत्यू झाले, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्माघात कृती आराखडा आला. त्या आराखड्यात दुपारच्या सावलीचा आणि पाण्याचा विचार आहे. बंगळुरूने २०२४ मध्ये उद्यानं पहाटे पाच ते रात्री दहा सलग उघडी ठेवायचं ठरवलं. म्हणजे हे जगावेगळं काही नव्हतं.

संध्याकाळबद्दल थोडक्यात लिहिते. लहान मुलांची झुंबड, आज्या, आइस्क्रीमची गाडी. मोकळ्या जागेवर मोठ्या मुलांचं क्रिकेट. बारा-तेराच्या पुढच्या मुली खेळताना दिसल्या नाहीत. ट्रॅकवर आईबरोबर किंवा दोघी-दोघी चालत होत्या. व्हिएन्नात १९९० च्या दशकात हेच आढळलं होतं, वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून गळतात. तिथे मग मैदानांना जास्त दारं काढली, एका मोठ्या जागेचे लहान लहान भाग केले. आमच्या आराखड्यात त्यावरून बॅडमिंटनची दोन कोर्टं आणि बसायच्या पायऱ्या आल्या. तो एक स्वतंत्र विषय आहे.

बैठक साडेसातला सुरू झाली. महापालिकेवर तेव्हा प्रशासक होते, निवडणुका व्हायच्या होत्या, त्यामुळे पहिल्या रांगेत एक माजी नगरसेवक आणि तीन इच्छुक असे चौघे, एकमेकांना नमस्कार करत. कारंजावर अर्धा तास गेला. रबर की माती यावर तेवढाच. मातीचा ट्रॅक गुडघ्यांना चांगला आणि स्वस्त, हे माझं मत सर्वांनी ऐकून घेतलं आणि रबर ठरवलं.

मग मी दुपारचं काढलं. बारा ते चार बाग उघडी ठेवली तर?

क्षणभर कुणी बोललं नाही, मग सगळेच बोलायला लागले. जोडपी येतील. दारुडे येतील. डिलिव्हरीवाले झोपतील. बाक खराब होतील. एक गृहस्थ म्हणाले, “बाग टॅक्स भरणाऱ्यांची आहे.” मी म्हटलं, बाहेर फूटपाथवर ज्या बसतात त्या तुमच्याच घरून येतात. हे मी जरा चढ्या आवाजात म्हटलं असावं, कारण अभियंत्याने टेबलाखालून माझा पाय दाबला.

मागच्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. सकाळी जिमवर साडी-बुटात होत्या त्याच. “आमच्याकडे येणारी सुमारे बाराला निघते आणि तीनला परत येते. मला वाटायचं घरी जाऊन येते,” त्या म्हणाल्या आणि बसल्या. त्यांनी बाजू अशी घेतली नाही. पण त्यानंतर टॅक्सचा मुद्दा कुणी पुन्हा काढला नाही.

निर्णय मात्र झाला नाही. खरी अडचण बैठकीनंतर जिन्यात अभियंत्याने सांगितली. “मॅडम, तुमचं पटतंय. पण हा निधी भांडवली कामाचा आहे. कारंजं बसवता येतं, वॉचमनची जादा पाळी लावता येत नाही. ती देखभालीच्या हेडमध्ये, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात, आणि तिथे पैसे नाहीत. गेट उघडं ठेवायला मी आयटम कुठला लावू?”

बाहेरून बघणाऱ्याला बागेच्या सुधारणेत आवडीनिवडी दिसतात, पण बऱ्याच गोष्टी या हेडवर ठरतात. एकदाच होणारा खर्च शहरं सहज करतात. रोज होणारा खर्च म्हटला की हात आखडतात. म्हणून कारंजी बसतात आणि वर्षभरात कोरडी पडतात, म्हणून संडास बांधले जातात आणि कुलूपबंद राहतात. सिमेंट, स्टील, खोदाई यांना दर आहे. दुपारी दोन वाजता गेटपाशी बसलेल्या माणसाला या पैशात जागा नाही.

त्या रात्री मी नकाशा उलटा करून बसले. गेट उघडता येत नसेल तर कुलपाच्या आत काय काय ठेवायचं ते तरी माझ्या हातात होतं. करंजापाशी बावीस मीटरची भिंत दीड मीटर आत घेतली. जमीन बागेचीच राहिली, फक्त कुलपाबाहेर आली. त्या पट्ट्यात भिंतीलाच जोडून कट्टा, साडेचारशे मिलिमीटर उंच, शहाबादी फरशीचा, पाठ टेकता येईल असा. रस्त्याच्या कडेला बोलार्ड (बुटके खांब), म्हणजे टँकर पायांवर येणार नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ बाहेरच्या बाजूला. आणि स्वच्छतागृह, जे असंही भिंतीला लागून होतं, त्याची दारं फिरवली : बायकांच्या भागाला एक दार रस्त्याकडून, व्हीलचेअर जाईल इतकं रुंद, बाहेर १:१२ उताराचा रॅम्प. बाग बंद असली तरी ते उघडं राहू शकतं. लॉनचा एक तुकडा कमी झाला. कारंजाचा व्यास मी हळूच अडीच मीटरने घटवला, त्यातून पैसे निघाले.

अभियंत्याने नकाशा बराच वेळ बघितला. भिंत पाडणे, नवीन बांधकाम, दगडी फरशी, दरवाजा सरकवणे : प्रत्येकाला दरसूचीत आयटम होता. “याचा उद्देश काय लिहू?” त्याने विचारलं. ‘घरकामगार महिलांसाठी विश्रांतीची जागा’ लिहा म्हटलं. तो म्हणाला, तसं लिहिलं तर फाइल समाजविकास खात्याकडे जाईल आणि दोन वर्षं परत यायची नाही.

तांत्रिक मान्यता मिळाली आहे, निविदा निघायची आहे. स्वच्छतागृह दुपारी कोण झाडणार हे अजून ठरलेलं नाही. त्या आजी आणि त्यांच्या जिमच्या मैत्रिणी सोसायटीच्या हाउसकीपिंगकडून काही जमतंय का ते बघताहेत, आणि कमिटीने अजून होकार दिलेला नाही. एका इच्छुकाने कट्ट्यावर आपल्या नावाची पाटी लावता येईल का, असं विचारून ठेवलं आहे. मंजूर एस्टिमेटमध्ये त्या कामाचं नाव आहे ‘सीमाभिंतीची दुरुस्ती व संरेखन’.