खांद्याला पुसलेला हात

इटालियन लेखक प्रीमो लेवींच्या पुस्तकातली एक बारीकशी घटना आज दिवसभर डोक्यातून जात नाहीये. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीत त्यांनी कैदी म्हणून काढलेल्या दिवसांवरचं हे पुस्तक १९४७ साली आलं. उपासमार, थंडी, मरण सगळं त्यात आहेच, पण मी अडकले ती ॲलेक्सपाशी. हा कैद्यांतूनच नेमलेला मुकादम. त्याचा हात वंगणाने माखतो आणि तो सरळ लेवींच्या खांद्याला पुसतो. राग नाही, हिणवणंही नाही. या एका कृतीवरून मी त्याचा न्याय करतो, असं लेवी म्हणतात.

रागातलं क्रौर्य निदान समजतं तरी. सौप्तिक पर्वात अश्वत्थामा झोपलेल्यांना मारतो ते भीषणच, पण त्यामागे कपटाने मारलेला बाप आहे. ॲलेक्सच्या मागे काहीच नाही.

संध्याकाळी तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ काढलं. १९६७ चं नाटक. त्यातही कुणी खलनायक नाही. हौशी नटमंडळी, प्रयोगाला अवकाश, म्हणून गावातल्या सामंतला कोर्टाचं कामकाज कळावं यासाठी लुटुपुटीचा खटला उभा राहतो. मंडळींतल्याच बेणारे या शिक्षिकेवर आरोप भ्रूणहत्येचा, तोही गंमत म्हणून. मग तिला हे खरंच लागतंय हे सगळ्यांना दिसतं, आणि मंडळींना जास्तच चेव येतो. मला वाटतं, क्रौर्य तिथे सुरू होतं. दुखतंय हे कळल्यावर थट्टा थांबायला हवी होती. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर शिक्षा सुनावतात ती अविवाहित बेणारेच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची! भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारेच हे.

‘किंग लिअर’ नाटकात उमराव कॉर्नवॉल म्हाताऱ्या ग्लॉस्टरचे डोळे काढत असताना कॉर्नवॉलचाच एक नोकर तलवार उपसून मालकाच्या आड येतो आणि जीव गमावतो. शेक्सपिअरने त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. दुसरा डोळा वाचत नाहीच, तरी तो प्रसंग मी वाचू शकते ते त्याच्यामुळेच.

बेणारेच्या वाट्याला असं कुणी येत नाही. सामंत आहे, भला, मायाळू. पण साक्ष द्यायला सांगितलं म्हणून तो हातातल्या कादंबरीतलं वाचत जातो, आणि ते तिला जिव्हारी लागतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. काशीकरांकडून मी कधी अपेक्षाच केली नव्हती. सामंतला तर तलवारही उपसायची नव्हती, वाचणं थांबवलं असतं तरी पुरलं असतं.