बुडालेल्या गावाचे नकाशे जुळवताना

इंदापूर तालुक्यातलं भीमाकाठचं एक गाव उजनी धरणात गेलं आणि वर माळावर पुन्हा वसलं. त्या गावाचं काय काय बदललं, हे मी जुन्या नकाशांवरून शोधत होते. नाव देत नाही, तिथले जमिनीचे वाद अजून मिटलेले नाहीत. तालुका मात्र मुद्दाम निवडला होता. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातली शेतवार मोजणी १८३५-३६ च्या सुमारास इथूनच सुरू केली. तेव्हा कागद भरपूर मिळतील, असा माझा हिशेब होता.

पहिला कागद गाव नकाशा. अर्ज, नक्कल फी, हेलपाटे हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. हातात आला तो सर्व्हे नंबरांचा, ओढ्यांचा आणि शिवेचा नकाशा. गावठाण म्हणजे मधोमध एक कोरा तुकडा, त्यात ना घर ना गल्ली. सुरुवातीला मी खट्टू झाले, पण शेतसारा ठरवायला काढलेल्या नकाशात घरं कशाला असतील? शेतांबद्दल मात्र तो भरभरून बोलतो. मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणून ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. नंबर, म्हणजे शेताचा एकेक तुकडा, पाडताना एका बैलजोडीला किती रान पेलेल हे धरलेलं असे, त्यामुळे हलक्या रानाचा नंबर मोठा आणि भारी काळीचा लहान. एवढं कळल्यावर नदीकाठी नंबर का दाटलेत आणि माळाकडे का ऐसपैस होत गेलेत, ते नकाशावरच वाचता येतं.

मग शेजारी आजचा नकाशा ठेवला आणि नंबर जुळेनात. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर पुढे गावोगाव गट पडले आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. नुसते दोन नकाशे पाहिले तर वाटतं, अमुक साली शेतं एकत्र झाली. शिवारात फिरलात तर जुने बांध तसेच आणि दोन भाऊ आपापल्या बाजूने नांगरतायत. एकत्रीकरणाचं पत्रक, ज्यात जुन्या नंबरासमोर नवा गट लिहिलेला असतो, ते मिळेपर्यंत मी त्या भागावर एक ओळही लिहिली नाही. या कामातला माझा सगळ्यात पक्का धडा हाच: दोन नकाशांत दिसणारा फरक आधी नकाशे काढणाऱ्यांच्या नियमांतला फरक समजायचा, आणि तो वजा करून जे उरेल त्याला गावातला बदल म्हणायचं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रिकांनाही, म्हणजे नद्या, रस्ते, गावं, विहिरी दाखवणाऱ्या छापील नकाशांनाही, तेच लागू. जुनी मालिका मैलाला एक इंचाची, म्हणजे १:६३,३६०, आणि नंतरची १:५०,०००. पत्रिकेच्या समासात पाहणीचं साल वेगळं आणि छपाईचं वेगळं असतं. मी नेहमी पाहणीचंच साल धरलं. विहिरींची मोजदाद तर सोडूनच दिली. प्रमाण बदललं की कोणती विहीर दाखवायची आणि कोणती गाळायची हेही बदलतं, त्यामुळे ‘विहिरी वाढल्या’ म्हणायला ते दोन आकडे पुरत नाहीत.

खरी कसोटी लागली ती सगळे नकाशे संगणकावर एकावर एक बसवताना. त्यासाठी जुन्या आणि नव्या दोन्ही नकाशांवर असलेल्या न हललेल्या जागा लागतात. मी क्यूजीआयएस हे नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे, पण जागा कुठून आणायच्या? देऊळ, वेस, नदीकाठचा रस्ता, तिठा, जे जे घट्ट धरून ठेवावं ते पाण्यात. माळाकडच्या शिवेच्या खुणा मिळाल्या, पण त्या सगळ्या एकाच बाजूला. एका कडेला खिळे ठोकून कागद ताणल्यासारखा नकाशा नदीकडे वाकडा व्हायचा. शेवटी दोन गोष्टी कामी आल्या. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी खूप खाली गेलं की उघडं पडतं, आणि अशा वेळच्या उपग्रह चित्रात ते सापडलं. दुसरा डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल, ज्यावरून पूर्वी रेल्वे जायची. या दोन टोकांना पकडल्यावर पत्रिका बरीचशी बसली. गाव नकाशा तरीही पूर्ण बसला नाही. त्याच्या कापडाच्या घड्या आणि आकसलेला कागद यांना कुठलंच गणित पुरं पडत नाही. तेवढी चूक मान्य करून मी ती नकाशाखाली लिहून टाकली.

त्यानंतर अमेरिकेच्या ‘कोरोना’ नावाच्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं हाती लागली. १९६० ते १९७२ मधली ही छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. धरण पुरं झालं १९८० मध्ये, म्हणजे बुडण्याआधीचं गाव त्यात आहे. कृष्णधवल, पुसट, पण नकाशा काढणाऱ्याच्या मर्जीवर न अवलंबून असलेलं.

त्याचा मोठा प्रिंट काढून मी नव्या गावठाणात नेला. पुरुष मंडळींनी लगेच आपापले नंबर आणि बांध शोधले, आणि वादही सुरू झाला. एका आजींना शेतांत रस नव्हता. त्यांनी बोट ठेवलं ते गावातून नदीकडे उतरणाऱ्या एका फिक्या रेषेवर. “ही आमची पाण्याची वाट. धुणं घेऊन इथूनच जायचो.” ती वाट माझ्याकडच्या एकाही नकाशात नव्हती. गाडीवाट सरकारला दिसते, डोक्यावर हंडा घेऊन जाणाऱ्या बायकांची पायवाट दिसत नाही. त्या दुपारनंतर मी संगणकावरच्या नकाशात फक्त वाटांसाठी वेगळा थर केला.

नव्या गावठाणाबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे: सरळ रस्ते, काटकोनी प्लॉट, सगळं आखीव.

सध्या अडले आहे ते निळ्या रेषेपाशी. नकाशात जलाशयाची कड म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पातळी, वर्षभर तीच. पण उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक गाळपेर करतात, आणि ती पिकं नकाशाप्रमाणे पाण्यात उभी असतात. म्हणून वेगवेगळ्या वर्षांच्या मे महिन्यातली उपग्रह चित्रं उतरवून घेतली आहेत. प्रत्येक वर्षाची कड वेगळी येते, आणि त्यातली एकच निवडायची का सगळ्या दाखवायच्या, हे अजून ठरायचंय.