नऊ डॉलरचा फ्लॅपर

फोनवर बाबांच्या आवाजामागे सूंऽऽ असं काहीतरी सतत चालू असायचं. चार रविवार ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, फ्लश वाहतोय का?"

"छे, पंखा असेल."

ओहायोत बसून कोथरूडचा फ्लश ओळखला, याचा मला इतका अभिमान वाटला की यंदा येताना बॅगेत बदामांच्या पाकिटाशेजारी एक लाल रबरी फ्लॅपर, म्हणजे फ्लशच्या टाकीतली झडप, टाकला. नऊ डॉलर.

आले तर घर शांत. माझ्या कटकटीला कंटाळून बाबांनी अँगल कॉकच, म्हणजे टाकीला पाणी देणारा नळच, बंद केला होता. जायच्या आधी वाकून उघडायचा, टाकी भरू द्यायची, काम झालं की फ्लश करून पुन्हा वाकून बंद. गुडघे दुखतात म्हणून देवळात बाहेरूनच नमस्कार करणारा माणूस!

मी आकडे काढले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या हिशेबात वाहता फ्लश दिवसाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 750 लिटर पाणी घालवू शकतो. आपल्याकडे शहरात माणशी 135 लिटर धरतात. पाच माणसांचं पाणी!

"पानशेतच्या वर्षी, 1961 ला, आम्ही विहिरीचं पाणी शेंदून प्यायलोय. मला पाणी शिकवू नकोस. कॉक बंद आहे, थेंब जात नाही."

यावर काय बोलणार? टाकीचं झाकण उघडलं आणि माझी उरलीसुरली जिरली. आत फ्लॅपरच नव्हता. माझ्या तिकडच्या टाकीत तळाशी साखळीला बांधलेली रबरी झडप असते, दांडा दाबला की ती उचलली जाते. इथे दोन बटणांची टाकी, मधोमध प्लास्टिकचा मनोरा. "बसत नाही वाटतं," बाबा दारातून म्हणाले. त्यांचा आनंद मला बघवेना. (फ्लॅपर आता स्वयंपाकघरातल्या सिंकचं बूच झालाय. तिथे चपखल बसतो.)

पण रोग तर सगळीकडे तोच असतो. एक तर टाकीत पाणी सोडणारा बॉल व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून जातं, नाहीतर तळाचं वॉशर गळतं. कॉक उघडून टाकी भरू दिली. पाणी नळीच्या तोंडाखाली दोन बोटं थांबलं, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक. मग आईच्या डब्यातला जिलबीचा रंग चिमूटभर टाकीत टाकला आणि वीस मिनिटं कुणी बटणाला हात लावायचा नाही असं फर्मान काढलं. "अगं, खायचा रंग आहे तो!" आई. बारा मिनिटांतच भांडं केशरी.

मनोरा पाव आटा फिरवला की हातात येतो. खाली पातळ रबरी चकती, वर पांढरा क्षार बसून खरखरीत झालेली. उन्हाळाभर सोसायटीत टँकर येतात, त्यांची कृपा.

कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यानं आधी माझ्या मागे बघितलं, प्लंबर कुठंय म्हणून. मग चकती अंगठ्यावर ताणली, मोजपट्टी न घेता डब्यात हात घातला आणि दुसरी काढली. "चाळीस रुपये. नाही बसली तर आणून द्या." तिकडे मी फ्लॅपरनी भरलेल्या भिंतीसमोर पाऊण तास उभी होते, दोन इंची घ्यावा की तीन इंची. विचारायला माणूस नाही.

चकती बसली, पहिल्याच फटक्यात.

प्लंबर तीनशेत आला असता, हे मला आईनं, बाबांनी आणि समोरच्या काकूंनी वेगवेगळं सांगितलं. मान्य. मीही काही स्वावलंबन म्हणून शिकले नाही. तिकडे प्लंबरनं नुसतं येऊन बघायचे 160 डॉलर सांगितले होते, म्हणून शिकले. पण इथला तीनशेवाला दोन महिने "उद्या येतो" म्हणत होता, ते कोण सांगणार? आणि तीन आठवड्यांच्या सुट्टीतला एक दिवस बाथरूममध्ये गेला तर गेला. बाबांच्या गुडघ्यांचं मला काही करता येत नाही.

रात्री दोनदा उठून दाराला कान लावला. आवाज नाही.

सकाळी बटण दाबलं. ठक्. टाकी कोरडी. बाबा पहाटे जाऊन आले होते आणि वाकून कॉक बंद करून गेले होते.