मोहरी, उंची तीन फूट

साडेबारा वाजून गेले. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळासाठी कॅरेक्टर शीट, म्हणजे माझ्या पात्राचा तक्ता, भरून झाली, फक्त ‘उणीव’चा रकाना कोरा आहे.

संध्याकाळी सगळ्यांनी आपापली पात्रं सांगितली. माझी पाळी आली. म्हटलं, हाफलिंग, म्हणजे बुटक्या जमातीतली, त्यातही लाइटफूट या पोटजातीची. काम रोगचं (इंग्रजीतलं rogue), लपूनछपून वार करायचं. नाव मोहरी. समीर फासे गोळा करता करता म्हणाला, “म्हणजे परत आमच्या मागे लपायला!” सगळे हसले. मीही हसले, जरा जास्तच.

यात लागण्यासारखं काय होतं? नियमच तसा आहे. लाइटफूटला आपल्याहून मोठ्या आकाराच्या कुणाच्याही आड लपता येतं. भिंत नको, झुडूप नको, माणूस पुरतो. स्टाउट ही दुसरी पोटजात घेतली असती तर विष कमी बाधलं असतं. पण मी तो आडोशाचा नियम वाचला आणि पुढचं पान उलटलंच नाही. याआधीच्या खेळातला माझा बुटका नोमही असाच. त्याच्या आधीची क्लेरिक, देवाची पुजारीण, तर... जाऊ दे.

समीरला ते दिसलं, एवढंच झोंबतंय.

आम्ही अजून २०१४चे नियम धरून बसलोय, त्यामुळे मोहरी एका पाळीत पंचवीस फूट चालणार, बाकीचे तीस. (२०२४च्या पुस्तकात हाफलिंगलाही तीस दिलेत.) पाच फूट म्हणजे पटावर एक चौकोन. दहा पाळ्या नुसतं चालत राहिलं तर मोहरी पन्नास फूट मागे. तोवर मागे वळून कोण बघतंय! खेळात तरी निदान कारण छापलेलं असतं.

ताकदीला आठ दिलाय. पंधरा डेक्स्टेरिटीला, म्हणजे चपळाईला, त्यात हाफलिंगचे दोन मिळून सतरा. मग भीतीचा नियम परत वाचला. हाफलिंग शूर, असं लिहिलंय, पण शूर म्हणजे काय, तर घाबरायची वेळ आली की दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. म्हणजे घाबरणं आहेच की शिल्लक!

आणि नशीब. वीस बाजूंच्या फाशावर एक आला तर पुन्हा टाकायचा, दुसरा येईल तो मुकाट्याने घ्यायचा. बघावं म्हणून टाकत बसले. बऱ्याच वेळाने एक आला. पुन्हा टाकला. एक! चारशेत एकदा होणारी गोष्ट, बघायला कोणी नाही, आणि मी एकटीच खिदळतेय.

तसं बघितलं तर आडून सोडलेला बाण लागला की रोगला सहा बाजूंचा एक फासा जादा मिळतो. पहिल्या लेव्हलला तेवढाच माझा जीव. आणि त्यासाठी समीरचा तो धिप्पाड फाइटर पुढे हवाच.

उणीव: समीरच्या फाइटरमागे लपते.

खोडलं.

उणीव: समीरच्या फाइटरला पुढे करते.

पेन्सिलीनेच लिहिलंय. शनिवारी त्याने शीट मागितली तर बघू.