तुम्ही विचारलंत म्हणून: चळवळ सोडून चटणी?

कार्यक्रम संपून चहा आला की कुणीतरी विचारतंच, "ताई, तुम्ही बायकांच्या हक्कांचं काम करत होता, मधेच हे चटणीचं कसं काय?" त्या 'मधेच'मध्ये थोडी कीव असते, थोडा संशयही. चळवळीतल्या बाईनं नोटा मोजू नयेत, असं आपल्याकडं मानतात. आजवर हसून टाळलं. आता सांगते.

२००९ साली वडील गेले. तेव्हा मी करवीर, कागल, शिरोळ तालुक्यांत गावोगाव फिरून सांगत होते, की हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा लेकाइतकाच जन्मतः हक्क आहे, हक्कसोडपत्रावर डोळे झाकून सही करू नका. आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत मीच जाऊन सही करून आले. भावानं दमदाटी केली नाही, तो तसा नाहीच. आई फक्त म्हणाली, "पंचमीला यायचं हाय न्हवं तुला?" विषय संपला. साडी-चोळी मिळाली. ती साडी नेसवत नाही आणि टाकवतही नाही.

नंतर भाषणाला उभी राहिले की जीभ जड व्हायची. माझी स्वतःची कमाई तेव्हा शून्य होती. उद्या घरात बिनसलं तर जायचं कुठं? माहेरी. ते दार उघडं राहावं म्हणून मी जमीन देऊन बसले होते.

आमच्याकडं येणाऱ्या बायकांचंही हेच होतं. शाहू महाराजांनी या कोल्हापुरात १९१९ सालीच स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला. २००६ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू झाला, त्यानं राहत्या घरात राहायचा हक्क दिला. मी कलमं समजावून सांगायची. एकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायदा हाय वो ताई, पर सांजच्याला पोरास्नी घालू काय?" दोन दिवसांनी ती परत नांदायला गेली.

म्हणून चटणी. इथं उन्हाळ्यात घरोघरी ती होतेच, नवीन काही शिकवायला नको. चौघींनी सुरुवात केली. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. देठं खुडायची, गच्चीवर कडकडीत वाळवायची, खोबरं-तीळ-धणे भाजायचे, कांदा तळायचा, लसूण घालून सगळं डंकावर कुटून आणायचं. पहिल्याच वर्षी कांदा नीट वाळला नव्हता, चाळीस किलोला बुरशी लागली. स्त्रीमुक्तीवर तास तास बोलणारी मी त्या दिवशी नुसती रडत होते. कर्जाला गेले तर बँकेतला साहेब म्हणाला, "मिस्टरांना घेऊन या, जामीन लागतील." हक्कांची पुस्तकं छापणाऱ्या बाईला! शेवटी बचत गटातून पैसे उचलले.

नियम एकच ठेवला, त्यावरून भांडणंही झाली: मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यात. जॉइंट नाही, नवऱ्याच्या हातात नाही. एकीचा नवरा महिनाभर दारात येऊन शिव्या घालत होता. डंकाच्या आवाजात त्या कुणाला ऐकू येत नसत, हा आमचा फायदा.

मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढलं, तेव्हा सगळ्यांनी आम्हालाही हार घातले. आमचा त्यात काडीचा वाटा नव्हता. पण त्या आठवड्यात आमच्यातली एक, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, हातभर हिरव्या बांगड्या घालून कामाला आली. कुणाला विचारून आलीस, असं सासू म्हणाली असेलही. पण त्या घरात दुसरी मिळकत नव्हती.

गेल्या एप्रिलमध्ये तिच्याच शेजारी बसणारीनं पिशवीतून एक कागद काढला. हक्कसोडपत्र. भाऊ बाहेर मोटरसायकलवर थांबला होता. "ताई, तुम्ही काय केलंतासा तवा?" तिनं विचारलं. मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ देठं खुडत राहिली. मग कागदाची घडी घातली आणि पोरीला हाक मारली, "मामाला जाऊन सांग, म्हणावं सीझन झाल्यावर बघू."