मोटर हवा घेते

मोटरच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखणारी माणसं आमच्या वरूडकडे बांधाबांधावर भेटतात. नुसती गुणगुणली अन् फिरली नाही, तर कंडेन्सर (मोटरला फिरायला सुरुवातीचा जोर देणारा) गेला किंवा पंखा अडकला. घरघरली तर बेअरिंग. फिरते, पण आवाज हलका येतो, पोकळ डबा वाजल्यासारखा, तर 'हवा घेऊन रायली'. चाळीस वर्षं संत्र्याला पाणी देण्यात गेल्यामुळे हे ज्ञान आपल्यालाही आहे, असा माझा समज होता. मे महिन्यात अंगणातल्या टाक्याने तो घालवला.

टाकं म्हणजे स्विमिंग पूल. मुलगा पुण्याला असतो. नातवंडं उन्हाळ्यात इकडे यावीत म्हणून त्याने ते बांधून दिलं. वीस बाय दहा फूट, खोली चार फूट, निळ्या टाइल्स. साडेबावीस हजार लिटर पाणी. ज्या तालुक्यात बोअर आठशे-हजार फुटांवर गेले, तिथे ही चैन जरा लाज आणणारीच आहे, आणि म्हणून मी पाहुण्यांना तो 'पाण्याचा साठा' म्हणून दाखवतो. पाणी बदलावं लागत नाही, ही त्यातली जमेची बाजू. भिंतीत वरच्या बाजूला एक चौकोनी तोंड आहे, त्याला स्किमर म्हणतात. तिथून पंप पाणी ओढतो, वाळूच्या टाकीतून गाळतो आणि परत सोडतो. तळालाही तोंड ठेवायचं होतं, पण तेव्हा आम्ही खर्च वाचवला.

नातवंडं यायला चार दिवस होते आणि परतीच्या पाण्याची धार बारीक झाली. मी म्हटलं, वाळू तुंबली. फिल्टरचा दांडा फिरवून पाणी उलटं सोडलं, पाच मिनिटं. घाण पाणी नालीतून वाहून गेलं, मला फार बरं वाटलं. फिल्टरवरच्या काट्याकडे तेवढं पाहिलं नाही. वाळू तुंबली की दाब वाढून काटा वर चढतो. माझा काटा शून्याजवळ लटपटत होता. म्हणजे दुखणं पंपाच्या अलीकडे होतं आणि मी औषध पलीकडे लावत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाने पाणी धरलंच नाही. जाळीच्या भांड्यावर पारदर्शक झाकण असतं. आत पाण्याऐवजी बुडबुडे नाचत होते. मोटरचं वाइंडिंग करणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, कंडेन्सर बदला. फिरणाऱ्या मोटरचा कंडेन्सर कशाला बदलायचा, हे त्याला विचारलं नाही, कारण पुढे माझंच काम त्याच्याकडे पडणार. झाकणाची रबरी रिंग काढली, पुसली, उलटून बसवली. मग उदबत्ती. चालू पंपाच्या सांध्याजवळ धरली की जिथून हवा आत जाते तिकडे धूर ओढला जातो, हा खरोखरच चांगला उपाय आहे. फक्त वारा नको. आमच्या मे महिन्यात वारा नसतो ती वेळ सापडेपर्यंत अर्धा पुडा जळाला आणि धूर निष्ठेने गोठ्याकडे गेला.

विहिरीवर आम्ही अशा वेळी शेणकाला ओतायचो. गळका फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची झडप, शेणाने बसतो अन् पाणी टिकतं. निळ्या टाइल्सकडे पाहून मोह आवरला. त्याऐवजी झाकण उघडायचं, बादलीने भांडं काठोकाठ भरायचं, झाकण आवळायचं, बटण दाबायचं. पंप दोन गुळण्या करी आणि पुन्हा हवा. बादली अर्थात टाक्यातूनच भरत होतो. अर्धं पाणी जमिनीवर सांडे.

दहाव्या की अकराव्या बादलीला मी गुडघ्यावर बसलो. परवापर्यंत नुसतं वाकून बादली बुडत होती. हात खांद्यापर्यंत खाली गेला तेव्हा मान वळवून स्किमरकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा खालचा काठ कोरडा होता. वर एक मुंगळा फिरत होता.

पाणीच खाली गेलं होतं! पंचेचाळीस डिग्रीत, त्यात लू, उघडं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर तरी उडतं. एवढ्या टाक्यात एक सेंटीमीटर म्हणजे एकशे पंचाऐंशी लिटर, माझ्या दहा बादल्या. उन्हाने बोट-दोन बोटं नेली होती, उरलेली मी आधी नालीत सोडली आणि मग बादलीने उपसली. पंप बिचारा जे समोर होतं ते ओढत होता.

बाबांनी मला फटकावलं असतं. पंप पाणी ओढत नाही, वरची हवा ते ढकलून देते, आणि तीही फार तर दहा मीटर, प्रत्यक्षात सात-आठ. त्यांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण फेब्रुवारीत विहिरीचं पाणी उतरलं की ते दोर लावून मोटर एक टप्पा खाली उतरवत, एप्रिलमध्ये आणखी एक. मोटर बंद पडली की पाना हातात घ्यायच्या आधी ते कठड्यावरून वाकून खाली बघत.

बोअरचा पाइप टाक्यात सोडला. मृगबहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलांसाठी, संत्र्याचं पाणी आम्ही तोडलेलं. पानं कोमेजून माना टाकून उभी. बायको वाळवण घालायला बाहेर आली, पाइपकडे बघितलं, बागेकडे बघितलं.

"झाडायले ताण देऊन रायले, अन् टाक्याले पानी पाजून रायले तुमी?"

ताण मुद्दाम द्यावा लागतो, त्याशिवाय फूल येत नाही, हे तिला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तरी मी काही बोललो नाही.

तासाभराने पाणी स्किमरच्या अर्ध्या तोंडापर्यंत आलं. भांडं भरलं, बटण दाबलं. बुडबुडे फिरले, विरळ झाले, आणि आवाज जड झाला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल ऑइल पेंट डब्याच्या तळाशी सापडला. त्याची एक रेघ टाइलवर, स्किमरच्या मधोमध, मारून ठेवली आहे. सकाळी दात घासता घासता आधी ती पाहतो.